डावा टॅकल पाहिजे

त्या एप्रिलमध्ये आमच्या टीमला डावा टॅकल हवा होता, आणि आमच्याकडे डावा टॅकल होता. तो रोज माझ्या आधी ऑफिसला यायचा, कँटीनमधून अंडी आणि ओट्स घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा आणि मी आत शिरले की दोन बोटं कपाळाला लावून सलाम ठोकायचा. त्याच्या जागी कोणाला आणायचं, याचा विचार करण्यासाठी मला पगार मिळत होता.

टीमचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही. अमेरिकेतल्या मिडवेस्टातलं एक गाव, एवढं पुरे. नवरा ट्रॉयला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत होता. तिथून माझ्या गावापर्यंत यायला अर्धा दिवस जायचा. मी टीमच्या ऑफिसजवळ दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेऊन राहायचे. आठवड्याच्या शेवटी कधी तो यायचा, कधी मी जायचे. बहुतेक वेळा दोघांपैकी एकजण फोन करून कॅन्सल करायचा.

मी नागपूरची. ॲन आर्बरला स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करायला आले तेव्हा मला इथल्या, चेंडू हाताने फेकायच्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शनिवारी मॅच असली की बसचे रस्ते बदलायचे, लायब्ररी ओस पडायची आणि मी चिडचिड करत थंडीत चालत घरी जायचे. पुढे माझ्या गाइडकडे खेळाडूंच्या दुखापतींवरचा एक प्रोजेक्ट आला. त्यात मी अडकले ती अडकलेच. डिग्री संपली आणि एका प्रोफेशनल टीमने मला बोलावलं. एखादा खेळाडू अजून किती वर्षं टिकेल, कधीपासून उतरणीला लागेल, याचे अंदाज बांधायचे, हे माझं काम.

पहिल्या महिन्यात मी कँटीनमध्ये एकटीच जेवत असताना हा डोंगराएवढा माणूस समोर येऊन बसला.

"आमची मोजमापं घेणारी ती तूच का?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग मी काय करतो ते सांग बघू."

मी पुस्तकी उत्तर दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि टेबलावरच्या मिठाच्या, मिऱ्याच्या, सॉसच्या बाटल्या ओळीने मांडल्या. "हा क्वार्टरबॅक. चेंडू फेकतो तो. उजव्या हाताने फेकतो, म्हणून फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. त्या बाजूने जो धावत येतो, तो त्याला दिसत नाही. मी त्या माणसाला येऊ देत नाही. मी माझं काम नीट केलं तर टीव्हीवर माझं नाव कोणी घेत नाही. नाव घेतलं की समज, काहीतरी बिघडलं."

त्यानंतर तो मला 'डॉक्टर' म्हणायला लागला. मीही अडलं की त्याच्याकडे जायचे. माझ्या आकड्यांना जे दिसायचं नाही ते तो हाताने हवेत रेघा मारून दाखवायचा.

आता ड्राफ्टविषयी. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी सगळ्या टीम कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांमधून आळीपाळीने एकेकाला उचलतात. गेल्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेली टीम पहिली, मग चढत्या क्रमाने बाकीच्या. अशा सात फेऱ्या, तीन दिवस. त्याच्या आधी प्रत्येक टीम आपल्याला कुठे भोक पडलंय ते बघते: कोण म्हातारा झाला, कोण जखमी आहे, कोण पुढच्या वर्षी सोडून जाईल. आमच्या मीटिंग रूमच्या एका भिंतीवर आमची टीम नावांच्या पट्ट्यांनी लावलेली असायची आणि समोरच्या भिंतीवर देशभरातली ती मुलं. चार महिने आम्ही या भिंतीकडून त्या भिंतीकडे बघत बसायचो.

त्या वर्षी आमची भोकं दोन. एक, चेंडू झेलणारा वेगवान रिसीव्हर. दुसरं, डावा टॅकल. आमचा डावा टॅकल तिशी ओलांडून बराच पुढे आला होता. डावा गुडघा दोनदा उघडून झाला होता. तरी गेल्या सीझनमध्ये तो चांगला खेळला होता. कोच म्हणत होते, रिसीव्हर घ्या. मी म्हणत होते, टॅकल घ्या. माझे आकडे सांगत होते की हा माणूस अजून एक वर्ष ओढेल, पण या वयाचे टॅकल हळूहळू उतरत नाहीत, एकदम कोसळतात. नवा मुलगा या वर्षी आणला तर तो त्याच्या हाताखाली शिकेल. पुढच्या वर्षी आणला तर शिकवायला कोणी नसेल.

जनरल मॅनेजर, म्हणजे आमचा बॉस, खेळाडू घेण्या-सोडण्याचा शेवटचा शब्द त्याचा. त्याने माझं म्हणणं मान्य केलं. दक्षिणेकडच्या एका कॉलेजचा एक टॅकल आम्हा सगळ्यांनाच आवडला होता. आमच्या नंबरापर्यंत तो शिल्लक राहील, असं चित्र होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या म्हणण्यावर पहिल्या फेरीचा निर्णय होत होता. पण त्या महिन्यात मला एका जागी बसवत नव्हतं. गॅसवर चहा ठेवून मी दुसऱ्या खोलीत जायचे आणि तो उतू जायचा. गाडीत रेडिओ लावायचे, बंद करायचे, पुन्हा लावायचे.

आई मार्चमध्ये नागपूरहून आली होती. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून रिटायर झालेली बाई. तिला माझी अस्वस्थता लगेच दिसली.

"काय करून राहिली तू? बस नं एका जागी," ती म्हणायची.

मी तिला ड्राफ्ट समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या पोरांना विचारत नाहीत का, कुठं जायचं म्हणून?"

"नाही."

"अन् जुन्यांना? ज्यांच्या जागी हे येतात, त्यांना सांगतात का आधी?"

"नाही सांगत. सांगता येत नाही. बाहेर कळलं तर बाकीच्या टीम त्याचा फायदा घेतात."

"आमच्या बदल्यांसारखं आहे मग," ती म्हणाली. "ऑर्डर हातात पडेपर्यंत सगळ्या ऑफिसला माहीत, फक्त आपल्याला नाही." आणि ती भाजी चिरायला लागली.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही दोघी ट्रॉयला गेलो. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, त्यातली अर्धी इंग्रजीत. जेवणाच्या रांगेत एका काकांनी मला गाठलं. कार कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर, आणि आमच्या टीमचे हाडाचे चाहते.

"काय मग, टॅकल की रिसीव्हर?" त्यांनी हळूच विचारलं. "मला सांगायला काय हरकत आहे? मी कोणाला सांगणार?"

"काका, भात घ्या," मी म्हणाले. ते हसले आणि भात घेतला.

तिथून घरी जाताना गाडीत नवरा म्हणाला की त्यांच्या डिपार्टमेंटची फेररचना चालली आहे. मॅनेजर कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. "आमच्या एचआरमध्येपण तुमच्यासारखी भिंत असेल. माझं नाव कुठे लावायचं, यावर तुझ्यासारखंच कोणीतरी शिकलेलं माणूस विचार करत बसलं असेल."

तो चिडून बोलला नव्हता. तो कधीच चिडून बोलत नाही. मागच्या सीटवरून आईने विषय बदलला, रस्त्याला एवढे खड्डे काहून आहेत म्हणाली. त्याने तिला बर्फ, मीठ आणि डांबर यांचं गणित सांगितलं. ते घरापर्यंत पुरलं.

ड्राफ्टच्या आठवड्यातला सोमवार. बाहेर ना धड पाऊस ना धड बर्फ. मी कँटीनमध्ये डबा उघडला होता. आईने पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली होती. आमचा टॅकल ट्रे घेऊन समोर बसला. नेहमीची थट्टा नाही. थोडा वेळ त्याने काहीच खाल्लं नाही.

"डॉक्टर, एक विचारू?"

"विचार."

"माझी मुलगी या वर्षी हायस्कूलला जाईल. बायकोच्या माहेरी, जॉर्जियात, एका चांगल्या शाळेत तिची जागा धरून ठेवलीय. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. मी इथे खेळणार असेन तर ती इथेच राहील. मला मध्येच तिला उचलून न्यायची नाही." त्याने काटा खाली ठेवला. "तुम्ही टॅकल घेताय का?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. मी त्यात भाजी घेतली आणि तोंडात घातली. चावत राहिले. दुसरा तुकडा तोडला. काय बोलावं, हे मला खरंच कळत नव्हतं. 'नाही' म्हणणं खोटं होतं. 'हो' म्हणायचा मला अधिकार नव्हता. 'मला माहीत नाही' हे सगळ्यात मोठं खोटं झालं असतं आणि तेही त्याच्या तोंडावर.

तो थोडा वेळ वाट बघत राहिला. मग म्हणाला, "वास चांगला आहे. बटाटा का?"

"बटाटा."

मी डबा पुढे सरकवला. त्याने एक फोड उचलून खाल्ली, तिखट लागली म्हणून पाणी प्यायला, आणि ट्रे उचलून गेला.

मी तशीच उठून बॉसच्या केबिनमध्ये गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. टॅकलने मला काय विचारलं, ते. मी काही बोलले नाही, असंही.

"बरोबर केलंस," बॉस म्हणाला.

"पण न बोलण्यातूनही त्याला कळलं असेल."

"एप्रिलमध्ये सगळेच विचारतात. प्रत्येकाला काही ना काही कळतं. आपण काय करू शकतो?" तो माझ्याकडे बघत राहिला. "बस. पाणी पी."

मी बसले नाही. मीटिंग रूममध्ये गेले आणि दक्षिणेकडच्या त्या मुलाचे व्हिडिओ पुन्हा लावले. आधी कितीतरी वेळा बघितलेले. त्याच्यात काहीतरी खोट सापडावी, असं मला वाटत होतं की सापडू नये, असं वाटत होतं, ते आजही सांगता यायचं नाही.

गुरुवारी संध्याकाळी पहिली फेरी. मीटिंग रूममध्ये बॉस, कोच, स्काउट म्हणजे गावोगावी फिरून मुलं हेरणारे लोक, आणि मी. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून आलेले, जसं काही लग्नाला चाललेत. टीव्ही चालू, फोन टेबलावर. एकेक टीम आपला माणूस सांगत होती आणि आमचा मुलगा शिल्लक राहत होता. आमच्या पुढे दोनच टीम उरल्या तेव्हा एका स्काउटने खिशातला च्युइंग गम सगळ्यांना वाटला.

मग पुढच्या टीमने आपला नंबर दुसऱ्याच एका टीमला विकला. असा सौदा चालतो. त्या नव्या टीमने वर येऊन आमचा मुलगा उचलला.

समोरच्या भिंतीवरून त्याची पट्टी काढायला जो माणूस उठला, त्याने ती दोनदा खाली पाडली.

आमचं घड्याळ सुरू झालं. पुढच्या टॅकलची लायकी पहिल्या फेरीची नव्हती, यावर सगळ्यांचं एकमत होतं. रिसीव्हर मात्र शिल्लक होता, तोच जो कोचना पहिल्यापासून हवा होता. बॉस माझ्याकडे वळला.

"आपला माणूस अजून एक वर्ष ओढेल?"

"एक वर्ष, हो," मी म्हणाले. "त्याच्या पुढचं मी सांगत नाही."

"एक वर्ष पुरे," कोच म्हणाले. बॉसने फोन उचलला आणि रिसीव्हरचं नाव दिलं.

सगळ्यांनी हात मिळवले. मला एकदम हलकं वाटलं. माझा बेत फसला होता आणि मी मनातल्या मनात खूश होते. तो राहणार होता, त्याची मुलगी राहणार होती. त्या महिन्यात पहिल्यांदाच मी घरी आल्या आल्या झोपले.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला पोचले तर कँटीनमधलं खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. तो बॉसच्या केबिनमध्ये होता. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. त्या खुर्चीत तो मावत नव्हता, आणि त्याने जाकीट घातलं होतं, जे तो कधी घालायचा नाही. बऱ्याच वेळाने बॉस बाहेर आला. त्याने मला आणि कोचना आत बोलावलं आणि दार लावलं.

"तो थांबतोय," बॉस म्हणाला. "खेळणं सोडतोय. आजपासून."

कोच खाली बसले. मी उभीच होते.

"सोमवारीच ठरवलं होतं," आमचा टॅकल म्हणाला. "शाळेला काल दुपारी कळवलं. तुम्ही काल टॅकल घ्याल असं मी धरून चाललो होतो. मग आज येऊन सांगणार होतो की बाबांनो, रस्ता मोकळा. पण तुम्ही तर घेतलाच नाही."

"अजून एक वर्ष खेळ," कोच म्हणाले. "शाळेला फोन कर. आपण बोलू त्यांच्याशी."

"नाही."

हे तो इतकं हळू म्हणाला की कोचनी पुढे काही विचारलंच नाही.

आता आमच्याकडे डावा टॅकल खरोखरच नव्हता. बॉसने त्याला एवढंच मागितलं की आजची दुसरी-तिसरी फेरी संपेपर्यंत बाहेर कोणाला काही बोलू नकोस. आम्ही अडलोय हे कळलं तर सगळे टॅकल आमच्या नंबराच्या आधी गायब होतील, नाहीतर कोणीतरी अव्वाच्या सव्वा मागेल. त्याने मान डोलावली आणि एजंटलाही रात्रीशिवाय सांगणार नाही म्हणाला.

मग बॉसला काय वाटलं कोण जाणे, त्याने विचारलं, "दिवसभर काय करणार आहेस?"

"काही नाही."

"मग बस इथे. बघ जरा आमच्याबरोबर."

अशी आमची ती दुपार गेली. शिल्लक राहिलेल्यांपैकी तीन टॅकल बरे होते. आम्ही पडदे ओढून त्यांचे व्हिडिओ लावले. आपल्या जागी कोण येणार, हे ज्याचं त्यानेच निवडत बसायचं. मला ते बघवत नव्हतं. मी दर थोड्या वेळाने उठून पाणी आणायचे. त्याला मात्र त्यात रस आला. पुढे वाकून, गुडघा चोळत तो बघत होता.

माझे आकडे दुसऱ्या नंबरच्या मुलाच्या बाजूने होते. मोठ्या कॉलेजचा, चुका कमी, तब्येत ठणठणीत. आमच्या टॅकलला तिसरा आवडला. डकोटातल्या एका लहान कॉलेजचा, आधी बास्केटबॉल खेळणारा, हात लांबच लांब.

"हा दर वेळी पहिल्या पावलाला चुकतो," मी म्हणाले.

"चुकतो. पण दुसऱ्या पावलाला सावरतो. पहिलं पाऊल शिकवता येतं."

"दर वेळी सावरत नाही. हे बघ, इथे, आणि इथे. आणि समोरची मुलं लहान कॉलेजांची आहेत. आपल्याकडे येतात ती इतका वेळ देणार नाहीत."

त्याने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला. "खरंय," तो म्हणाला. "तुझा जास्त भरवशाचा. माझा जास्त चांगला होईल. कदाचित."

"कदाचितवर मी काय लिहू?"

"ते तुझं काम, डॉक्टर."

आम्ही माझा पहिला आणि त्याचा दुसरा असा क्रम लावला. संध्याकाळी माझा मुलगा आमच्या आधी गेला. मग बॉसने तिसऱ्या फेरीतला आमचा नंबर देऊन दुसऱ्या फेरीत थोडी वरची जागा मिळवली आणि डकोटाचा मुलगा घेतला. टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. टॅकल असताना टॅकलसाठी एवढी किंमत का मोजली, ते त्यांना कळेना. त्यांना उत्तर मिळालं तेव्हा सगळी हॉटेलं बंद व्हायच्या बेतात होती आणि आमचा माणूस पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडून उभा होता.

मी त्याच्यामागे धावत गेले होते. कोट न घेताच.

"माझ्यामुळे का?" मी विचारलं. "सोमवारी मी बोलले नाही म्हणून?"

त्याने दार तसंच उघडं ठेवलं. "त्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं. ट्रेनरला, लाइनच्या कोचला, बॉसच्या सेक्रेटरीलासुद्धा. प्रत्येकाने लांबलचक उत्तर दिलं. माझं किती महत्त्व आहे, टीम म्हणजे कुटुंब कसं आहे. तू एकटी जेवत राहिलीस."

"मला काय बोलावं ते कळलं नव्हतं."

"माहीतय. तू हो म्हणाली असतीस तर मी भांडायला उठलो असतो. नाही म्हणाली असतीस तर विश्वास ठेवला नसता." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "काल तुम्ही रिसीव्हर घेतला तेव्हा मी सोफ्यावर होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गाढवपणा केला, एक दिवस थांबायला हवं होतं. थोडा वेळ फार वाईट वाटलं. मग मुलगी खाली आली आणि विचारलं, आपला फ्रिज तिकडे नेणार का. मी म्हटलं, नेऊ."

मला थंडी वाजत होती. तो म्हणाला, आत जा. मी गेले नाही. त्याची गाडी गेटबाहेर जाईपर्यंत तिथेच उभी राहिले आणि मग माझी गाडी कुठे लावली होती तेच आठवेना.

आईला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. तिने ताटं घेतली. मग म्हणाली, "चांगला माणूस दिसते. अन् तू काहून एवढी तळमळून राहिली? तुला काय झालं?"

"त्याने माझ्या गप्प बसण्यावर आयुष्याचा निर्णय घेतला, आई."

"त्यानं घेतला नं? मग त्याचा आहे तो." तिने माझ्या ताटात भात वाढला. "तू जेव."

मे महिन्यात आई परत गेली. जूनमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. एका सकाळी त्यांच्या मजल्यावरच्या बऱ्याच लोकांना एकाच मीटिंगला बोलावलं आणि दुपारपर्यंत तो लॅपटॉप जमा करून घरी आला होता. त्याने फोन केला तेव्हा मी पुढच्या सीझनच्या खेळाडूंच्या तक्त्यात बुडालेली होते. स्क्रीनवर नावंच नावं. मी स्क्रीन बंद केली आणि त्याचा आवाज ऐकत राहिले. तो म्हणाला, "त्यांनी फार नीट सांगितलं. पाणीबिणी ठेवलं होतं." मग विचारलं, "मी तुझ्याकडे येऊ का?"

ट्रॉयचं घर आम्ही भाड्याने दिलं आणि तो सामान घेऊन माझ्या दोन खोल्यांत आला. लग्नानंतर इतके महिने सलग आम्ही एका छताखाली कधी राहिलो नव्हतो. तो दिवसभर अर्ज करायचा, संध्याकाळी चालायला जायचा, माझ्या आधी भांडी घासून ठेवायचा. मला घरी यायची घाई व्हायची आणि घरी आले की बाहेर पडायची घाई व्हायची. एकदा तो म्हणाला, "तू बस, मी कुठे जात नाहीये." आम्ही दोघंही हसलो, पण मी बसले नाही.

सप्टेंबरमध्ये सीझन सुरू झाला. डकोटाचा मुलगा पहिल्याच मॅचला डाव्या बाजूला उभा. मी स्टेडियमच्या वरच्या बॉक्समध्ये होते आणि खुर्चीत बसून बघणं मला जमत नव्हतं, म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. दुसऱ्या टीमचा एक अनुभवी गडी त्याला पहिल्या अर्ध्या तासातच दोनदा चुकवून गेला आणि क्वार्टरबॅक पाठीवर आपटला. टीव्हीवाले त्या मुलाचं नाव पुन्हा पुन्हा घेत होते. कोचनी वर माझ्या दिशेने बघितलं, किंवा मला तसं वाटलं. मध्यंतरानंतर तो जरा सावरला. तिसऱ्यांदा तोच गडी आला तेव्हा मुलगा पहिल्या पावलाला चुकला, पण दुसऱ्या पावलाला त्याने लांब हात पुढे टाकून गड्याला बाजूला रेटलं. क्वार्टरबॅकला चेंडू फेकता आला. मॅच मात्र आम्ही हरलो.

त्या सीझनमध्ये आम्ही पुष्कळ हरलो. मी निवडलेला मोठ्या कॉलेजचा मुलगा, जो दुसऱ्या टीमकडे गेला, तो पहिल्या दिवसापासून नीट खेळत होता. आमचा दुसऱ्या वर्षी बरा झाला. खूप चांगला होईल का, ते मला अजून माहीत नाही. माझे आकडे दर महिन्याला वेगळं सांगतात.

त्या पहिल्या पराभवाच्या संध्याकाळी जॉर्जियाहून फोन आला. मागे कोणीतरी ट्रम्पेट वाजवायचा प्रयत्न करत होतं.

"मुलीने बँडमध्ये नाव घातलंय," आमचा जुना टॅकल म्हणाला. "घरात राहायची सोय उरली नाही. ऐक, त्या पोराचा उजवा पाय फार मागे राहतो. सांग त्याला. माझं नाव नको सांगू."

"का?"

"आत्ता त्याला माझं नाव जड होईल."

मी ते लाइनच्या, म्हणजे टॅकल उभे राहतात त्या पुढच्या फळीच्या, कोचना सांगितलं. त्यांनी विचारलं, तुझ्या लक्षात कसं आलं? व्हिडिओत दिसलं, मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं. सांगितल्यावर मला दिसलंच होतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा इंडियानात इंटरव्ह्यू होता. मी सुट्टी टाकली आणि त्याला घेऊन निघाले. त्याने टाय घातला होता, काढला, पुन्हा घातला. हायवेच्या दोन्ही बाजूंना मका उभा होता, पिवळा पडलेला, काढणीला आलेला. त्यांनी काय विचारलं तर काय सांगायचं, याची तो माझ्यासमोर उजळणी करत होता. मी परीक्षकाचे प्रश्न विचारत होते आणि मध्येच त्याचं उत्तर अडवून दुसरंच काही विचारत होते.

"तू मला उत्तर पूर्ण करू देत नाहीयेस," तो म्हणाला.

"बरं. कर."

तो बोलायला लागला. मी लेन बदलली, पुढचा ट्रक ओलांडला आणि मग ऐकलं.